दुभाष्या लागणारे आजोबा

आमच्या इमारतीतले कोरियन आजोबा भेटेल त्याचा हात आधी दोन्ही हातांत घेत आणि मग कोण आहे ते बघत. जपानात लोक लांबूनच वाकून नमस्कार करतात. कचरा न्यायला आलेला माणूस तर पहिल्या दिवशी पार गांगरून गेला. मला वाटलं, म्हातारबुवा वॉर्डातून उभे राहताहेत की काय!

अंदाज अगदीच चुकला नव्हता. कोरियावर जपानचं राज्य असताना ते टोकियोत शिकायला आले, स्वातंत्र्याच्या चळवळीत पकडले गेले आणि इथल्याच तुरुंगात राहिले. पुढे मायदेशी एका पक्षाचे नेते झाले, मंत्री झाले. बायको गेल्यावर लेकीनं त्यांना इथे टोकियोत, फुनाबोरीला आणलं. जावई जपानी.

"सन्माननीय मॅडम, मोठमोठी सरकारं माझ्यापुढे नमली. लेकीपुढे माझं काही चाललं नाही," ते मला इंग्रजीत म्हणाले.

जपानी मात्र ते बोलत नसत. तुरुंगातून सुटले त्या दिवशीच त्यांनी तसं ठरवलं होतं. मंत्री असतानाही इथल्या मंत्र्यांशी ते दुभाष्यामार्फतच बोलले. आता दुभाष्याचं काम लेकीकडे आलं होतं. रहिवाशांच्या बैठकीत कुणी विनोद केला की आजोबा आधी हसत आणि मग लेकीकडे वळून गंभीरपणे विचारत, "काय म्हणाले?" भाषांतर झालं की पुन्हा एकदा, शिस्तीत, हसत. आम्ही सगळे हसू लपवायला खाली माना घालून बसायचो.

या हट्टाची किंमत मोजत होती त्यांची नात हाना. सात वर्षांच्या हानाला जपानीच येई. आजोबा रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर तिला कोरियन शिकवायला बसत आणि ती दोन मिनिटांत माझ्या लेकीकडे, सईकडे पळे. ते नुसतेच बघत राहत. सईही मला मराठीऐवजी जपानीत उत्तर देते, म्हणून मला त्यांचं दुःख कळे. एकदा मी म्हटलंच, "आजोबा, तिच्याशी जपानीत बोला ना."

"मॅडम, ते एक सोडून काहीही सांगा."

मोठ्या भूकंपाला वर्ष होऊन गेलं होतं, तरी धक्के येतच होते. एका संध्याकाळी भूकंपाचा इशारा देत सगळ्यांचे फोन एकदम किंचाळू लागले आणि जमीन हलली. हाना घसरगुंडीच्या वरच्या टोकाशी होती. कठडा धरून ती थिजलीच. आजोबा खालून कोरियनमध्ये ओरडत होते आणि त्यांचा तो आवाज ऐकून ती कठडा आणखीच आवळत होती. मी सईला कवटाळून बसले होते.

मग त्यांनी डोळे मिटले. आणि स्वच्छ जपानीत म्हणाले, "हाना, हात सोड. मी खाली आहे."

ती सरळ त्यांच्या कुशीत आली. धक्का थांबल्यावर तिनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला येतं?" ते रडत होते. मीही रडत होते.

त्यानंतर दोन हिवाळे त्या बाकावर आजोबा बोलत राहिले आणि हाना ऐकत राहिली. जपानी त्यांचं जुन्या काळातल्या कॉलेजकुमाराचं होतं. हाना कधीकधी त्याला हसायची, पण उठून गेली नाही.

ते गेले तेव्हा त्यांना मायदेशी, सोलला नेलं. सरकारी इतमामात निरोप दिला, मोठी माणसं बोलली. माझ्या मनात राहिला तो मात्र इथला रिकामा बाक.

हाना परत आल्यावर खाली खेळायला आली. सई आणि ती बाकावर बसल्या. हाना आपल्या जपानीत सांगत होती की आजोबा कोठडीत असताना भिंतीवर टकटक करून शेजारच्या मित्राशी कोरियनमध्ये बोलायचे. पकडले गेले तर मार बसायचा, तरी बोलायचे.

"कोण मारायचं?" सईनं विचारलं.

"इथलीच. आपलीच माणसं," हाना म्हणाली आणि बाकाच्या फळीवर बोटानं टकटक करून दाखवू लागली.