बिननावाचं वासरू

कादंबरीतल्या पात्रांसाठी मी आगळीवेगळी नावं अर्थासकट गोळा करत होतो. दुष्काळात केजजवळ सहकारी साखर कारखान्यानं चारा छावणी उघडली होती. नावांच्या शोधात मी तिथं रोज जायचो. तिथं एक म्हातारी वासराला उसाचं वाढं बारीक करून भरवायची.

"वासराचं नाव काय?"

"ठिवलं न्हाई."

रोज तेच उत्तर! शेवटी मी वैतागलो. "आजी, माझ्या गोष्टीतल्या माणसाला नाव हवंय. सांगा की एखादं!"

वासराची मान खाजवत ती म्हणाली, "आमी दुष्काळातल्या वासराला पाऊस पडंस्तवर नाव ठिवत न्हाई. जीव लई गुततो. तुमचा मानूस जगतो का?"

"नाही. शेवटी मरतो."

"मंग नाव कावून ठिवता?"

कपाळ माझं! तेव्हापासून त्या माणसाला ना नाव सुचतं, ना मारायला हात धजतो.