कुंकू लावलेली फ्लॉपी

शहापुरात आमचे आप्पा साडीच्या काठाची नक्षी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर काढायचे. खंडेनवमीला मागाबरोबर फ्लॉपीलाही कुंकू लावायचे. मी भयंकर चिडायचो.

यंदा, त्यांच्या माघारी, त्या फ्लॉपीची इमेज काढायला बसलो, म्हणजे तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं एका फाइलीत उतरवायला. ड्राइव्ह खरखरला, एके जागी अडला, पुन्हा चालला. फाइल उघडली आणि पडद्यावर पोपटांची रांग उमटत गेली, आप्पांनी ठिपका ठिपका जोडून बसवलेली. एकाच पोपटाला चोच नव्हती. तिथं कुंकू शिरलं होतं.

फाइल पेनड्राइव्हवर घेतली. थोरली आक्का बघतच राहिली. "लई जपलंय रं ह्यानं," पेनड्राइव्हकडं बोट करत म्हणाली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली.

मी गुमान पेनड्राइव्हला टोपण लावलं आणि तो पुढं केला.