कानाला लावायचा चिमटा

लाखनीत हायवेला लागून भुपेंद्र गिऱ्हेपुंजेचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही आता कमीच येतात. पंखे, मिक्सर आणि सेट टॉप बॉक्सवर दुकान चालतं. भुपेंद्र हाताचा चांगला, पण स्वभावाने भित्रा. मोटरसायकल हायवेवर चढवायची म्हटली की त्याला घाम फुटायचा, म्हणून तो सर्व्हिस रोडने सावकाश जायचा. थोरला भाऊ साध्या तापाने दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून दवाखान्याचं फाटक दिसलं तरी याचे पाय जड व्हायचे. त्याची बायको चंदा हे सगळं जाणून होती. त्यावरून तिने त्याला कधी चिडवलं नाही.

यंदा दिवाळीत अमर गावी आला. बाजारातल्या किराणावाल्याचा हा मुलगा पुण्याला नोकरी करतो आणि जुने व्हिडिओ गेम गोळा करतो. त्याने आणलेल्या खोक्यात गेम खेळायचे तऱ्हेतऱ्हेचे कंट्रोलर होते. एक मासे धरायच्या गळासारखा, एक ढोलकीसारखा. त्यातला बिघडलेला एक तो भुपेंद्रच्या दुकानात घेऊन आला. साबणाच्या डबीएवढा करडा डबा, त्यातून निघालेली वायर आणि वायरच्या टोकाला कानाच्या पाळीला लावायचा चिमटा. बटण एकही नव्हतं.

"हा कानातून नाडी पाहते, काका," अमर म्हणाला. "ठोका पडला का पडद्यावरचा बेडूक एका गोट्यावरून दुसऱ्या गोट्यावर उडी मारते. मागून मगर येऊन राहते. आता फक्त याले ठोकाच समजत नाई."

भुपेंद्रने चिमटा साफ केला, तुटलेली तार जोडली आणि दुकानातल्या जुन्या टीव्हीला गेम लावला. चिमटा आपल्याच कानाला लावला. बेडूक एकसारखा उड्या मारू लागला. त्याला गंमत वाटली.

दुपारी चंदा डबा घेऊन आली. "बस," तो म्हणाला, "तुले एक मजा दाखवतो." त्याने तिच्या कानाला चिमटा लावला. बेडकाने चार उड्या मारल्या आणि तो मधल्या गोट्यावर थांबला. भुपेंद्रने डब्यावर टिचकी मारली. बेडूक तसाच. मग त्याने घाईघाईत दोन उड्या मारल्या आणि पुन्हा थांबला. मगरीने त्याला गिळलं.

"खाल्लं त्याले," चंदा हसून म्हणाली.

भुपेंद्रने चिमटा आपल्या कानाला लावून पाहिला. बेडूक नीट चालला. शेजारच्या टपरीवरून तुलाराम चहा घेऊन आला होता, त्याला बसवलं. त्याचाही बेडूक आरामात पलीकडच्या काठाला पोचला. मग चंदाच्या दुसऱ्या कानाला लावला. बेडूक थांबला.

"तार ढिली असन," भुपेंद्र म्हणाला. चंदा जेवणाचा रिकामा डबा घेऊन घरी गेली.

त्याने तो करडा डबा पुन्हा उघडला. होती नव्हती ती तार बदलली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटत होतं की वस्तू बिघडलेली निघावी. ती बिघडलेली निघाली नाही. त्याने अमरला फोन लावला.

"अमर, हे मशीन खोटं सांगू शकते का गा?"

"खेळणं आहे ते, काका. डॉक्टरचं मशीन थोडीच आहे."

तेवढ्या बोलण्यावर त्याने एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी मात्र गेम आणि डबा घरीच घेऊन आला. चंदा भाजी चिरत बसली होती. तो चिमटा घेऊन जवळ आला तसा तिने काही न विचारता कान पुढे केला. बेडूक उडाला, थांबला. या वेळी मगरीने गिळेपर्यंत तो हललाच नाही. त्याने चंदाकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

"नीट झालं का?" तिने विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

त्यानंतर घरात त्याचं ध्यान सारखं तिच्या आवाजाकडे लागलं. पाणी भरताना, झाडताना, शेजारणीशी बोलताना ती मध्येच गप्प झाली की तो हातातलं काम टाकून तिला बघायला जायचा. दवाखान्याचा विषय जिभेवर यायचा आणि भाऊ आठवून परत आत जायचा. आपण बोललो तर ते खरं होईल, असं काहीतरी वेडं भय त्याला धरून होतं.

चार-पाच दिवसांनी सकाळी स्वयंपाकघरात भांडं पडलं. तो धावला. चंदा भिंतीला टेकून खाली बसली होती, ओठ पांढरे पडलेले.

"चक्कर आली," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "येतच राहते. धानाच्या रोवणीच्या वक्ती बांधीतल्या चिखलात पडली होती मी. बायांनी उचललं."

"मले काहून नाई सांगितलं?"

"तुमाले भेव वाटते ना. तुमी आधी आडवे झाले असते."

तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. "मले माहीत होतं, चंदा. त्या खेळण्यावर दिसलं होतं. मीच गप्प राहिलो."

"मले बी समजलं होतं," ती म्हणाली. "तुमचं तोंड पाहूनच."

त्याच सकाळी ते भंडाऱ्याच्या बसमध्ये बसले. दवाखान्याच्या फाटकाशी त्याचे पाय थबकले. चंदाने त्याचा हात धरला, की त्याने तिचा, हे त्याला नंतर सांगता आलं नाही. छातीला वायरी लावून कागदाची पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंनी ती दोनदा पाहिली. हृदय मध्येच थांबतंय, आज घरी जाऊ नका, नागपूरला न्या, असं त्यांनी सांगितलं. अॅम्ब्युलन्स हायवेला लागली. भुपेंद्रने सगळी वाट डोळे चंदाच्या छातीवर ठेवले होते. छाती वर आली की तो श्वास घ्यायचा.

नागपुरात तिच्या कातडीखाली पेसमेकर बसवला. बंद दाराबाहेर भुपेंद्र उभाच राहिला. बसलो तर काहीतरी वाईट होईल असं त्याला वाटत होतं. दार उघडलं तेव्हा त्याला आधी काही ऐकूच आलं नाही. "बोलून राहिल्या त्या, तुम्हाला बोलावतात," नर्सला दोनदा सांगावं लागलं.

चंदा घरी आली. डावा हात काही दिवस वर करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला वेणी घालता येईना. मग सकाळी दुकान उघडायच्या आधी भुपेंद्र तिच्यामागे पाटावर बसून केस विंचरू लागला. एकदा पुढे आलेले केस मागे घेताना त्याचं बोट तिच्या खांद्याखालच्या त्या कडक उंचवट्याला लागलं. फणी तिथेच थांबली.

"विंचरा न," चंदा मागे न पाहता म्हणाली. "काही होत नाई."