प्रीतमच्या डबीतला बेस

आमच्या घरातला माणूस गेलं वर्षभर एक आवाज शोधतोय. हरवलेली किल्ली शोधावी तसा. किल्लीचं एक बरं असतं, ती लागली की कुलूप उघडतं. ह्याला आवाज सापडला तरी तो तोच आहे का, हे सांगणारं कोणी नाही. मी त्याची बायको, पौर्णिमा. दहिवलीला अंगणवाडी चालवते. पोरांच्या कालव्यात कोण खरं रडतंय आणि कोण सोंग करतंय, हे मला पाठमोरी उभी असताना कळतं. पण ह्या बेसच्या भानगडीत माझं डोकं जे भंजाळलं, ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

घरात मी त्याला आरोहीचे पप्पा म्हणते, सांगताना प्रीतमच म्हणते, नाहीतर तुम्ही कोण आरोही म्हणून विचारत बसाल. आरोही आमची लेक, पनवेलला नर्सिंगला आहे. प्रीतम मूळचा पळसदरीचा. कर्जतच्या चहूबाजूंनी मुंबईवाल्यांची जी फार्महाऊसं उठलीत, तिथल्या बोअरच्या मोटारी बसवायच्या, काढायच्या, दुरुस्त करायच्या, हा त्याचा धंदा. अंगानं दणकट आणि बोलायला महाकंजूष. उरलेल्या वेळात गायन पार्टी. जयंतीचे कार्यक्रम, बुद्धपौर्णिमा, लग्नं, कोणी गेलं असेल तर त्याचं पुण्यानुमोदन. कोंडीरामदादा पुढं उभे राहून गातात, पार्टी त्यांचीच. चंद्रभागा आक्का त्यांच्या मागं झील धरतात, म्हणजे दादांनी ओळ सोडली की ती उचलून धरायची. रोहिदास ढोलकीवर, एक कीबोर्डवाला, आणि सगळ्यांच्या मागं, बॅनरला जवळजवळ चिकटून, आमचा प्रीतम बेस गिटार घेऊन.

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, मुलगा गिटार वाजवतो. मी हरखले. मग बघितली तर तिला चारच तारा. मला वाटलं, दोन तुटल्या असतील आणि आळसानं लावल्या नसतील. म्हटलं असू दे, संसारात असं चालायचंच. पुढं कळलं की बेसला असतातच चार. आणि त्याचा आवाज म्हणे वेगळा कळत नाही, तो गाण्याच्या खाली असतो. खाली म्हणजे कुठं, असं मी विचारलं की हा बाबा जमिनीकडं बोट दाखवायचा. मी जमिनीकडं बघायची. तिथं काही नसायचं. कोणाला कळत नाही तर वाजवता कशाला, असं मी रागानं विचारलं की हा नुसता हसायचा. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा आणि तो आवडायचाही, आता काय सांगू.

ही गिटार त्यानं माथेरानच्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका गोवेकर म्हाताऱ्याकडनं घेतली. गिटारीबरोबर एक अँप आलं. अँप म्हणजे एक काळा खोका, ज्यात तार खुपसली की आवाज मोठा होऊन बाहेर पडतो. कपाटाएवढं धूड ते, टेंपोत चढवायला दोघं लागायचे. कार्यक्रमात ते प्रीतमच्या पाठीशी असायचं. त्याचा आवाज आधी त्याच्या पाठीत शिरायचा आणि मग लोकांकडं जायचा. गेल्या वर्षी खालापूरकडं एका कार्यक्रमात जनरेटरनं अशी काही वीज सोडली की खोक्यातनं धूर निघाला. तिकडं लोक भाषण ऐकत होते आणि इकडं हा खोक्यावर हात ठेवून उभा होता. कितीतरी जणांना दाखवलं, पण सगळे म्हणाले, ह्यातला माल आता मिळत नाही.

मग शेलूच्या एका पोरानं त्याला ती डबी दिली. प्रोसेसर म्हणतात. आकारानं आमच्या मसाल्याच्या डब्यापेक्षा जराशी मोठी, वर दोन-तीन बटणं पायानं दाबायची आणि एक छोटा पडदा. प्रीतम घरी आला तो लग्नात नव्हता एवढा खुशीत. म्हणाला, जगातली सगळी अँप ह्या डबीत हायेत. मी उघडून दाखवा म्हटलं. तसं नाय, म्हणाला, ती खरी नसतात, त्यांची नक्कल असते. मी म्हटलं, बरं. तेव्हाच मी उठून जायला हवं होतं.

पडद्यावर एकेका अँपचं चित्र यायचं. एक निवडलं की डबी विचारायची, आवाजाचा खोका कुठला? म्हणजे अँप वेगळं आणि खोका वेगळा. तो निवडला की विचारायची, त्याच्यासमोर माईक कुठला ठेवू? तो निवडला की विचारायची, खोक्यापासून किती लांब? अहो, खोका नाही, माईक नाही, ज्या खोलीत ठेवायचं ती खोलीही नाही, आणि आमचा माणूस कपाळाला आठ्या घालून नसलेला माईक नसलेल्या खोक्यापासून बोटभर मागं घेतोय! मी विचारलं, फरक पडतो का? तो म्हणाला, लय पडतो. कानाला हेडफोन होता त्याच्या. मला नुसती तारांची टकटक ऐकू यायची.

मोबाईलवर ही डबी शिकवणारे ढीगभर लोक आहेत. एक सांगायचा, खालचा आवाज वाढवा. दुसरा सांगायचा, खालचा आवाज कापा, म्हणजे बेस जास्त ऐकू येईल. मी भाजी निवडत ऐकत होते. म्हटलं, म्हणजे मीठ काढलं की आमटी खारट होते का? प्रीतम म्हणाला, तसंच काहीतरी हाय. तिसरा म्हणायचा थोडा आवाज फाडा. चौथा म्हणायचा, अँप लावूच नका, सगळं बंद ठेवून वाजवा. मग डबी कशाला घ्यायची, असं त्याला विचारणारं तिथं कोणी नव्हतं. प्रीतम चौघांचंही ऐकायचा. माणूस एवढा गरीब की चौघांचंही त्याला पटायचं.

घरात हेडफोनमध्ये आवाज झकास लागायचा. डोळे मिटून मान हलवायचा, मोटारीला भरपूर पाणी लागल्यावर हलवतो तशी. मग समाजमंदिरात सरावाला जायचा आणि दादा पहिल्याच गाण्यात हात वर करायचे. बेस घुमतोय. प्रीतम वाकून एक आकडा कमी करायचा. आता दबला. पुन्हा वाकायचा. हां, आता गोल आला. दुसऱ्या दिवशी तोच आकडा, तीच गिटार, तोच हात, आणि दादा म्हणायचे बेस घुमतोय. दादांना कसा आवाज पाहिजे, हे प्रीतमनं एकदा धीर करून विचारलं. दादा म्हणाले, दणका पाहिजे पण दणदण नको. घरी येऊन तो किती वेळ त्या डबीसमोर बसून होता. दणका आहे पण दणदण नाही, असं बटण त्यात नव्हतं.

जयंतीच्या आधी दादांनी स्पष्टच सांगून टाकलं. खालापूरचा जयंतीचा कार्यक्रम होऊ दे, तिथं बेस बसला तर ठीक, नाहीतर पुढच्यापासून कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवील. म्हणजे प्रीतमनं घरी बसायचं. दादा वाईट माणूस नाहीत, आरोहीच्या फीच्या वेळी तेच धावून आले होते. पण त्या दिवसापासून प्रीतमचं जेवण तुटलं. लग्नाआधीपासून तो त्या बॅनरला चिकटून उभा आहे. ती एक जागा गेली तर ह्या माणसाकडं स्वतःचं म्हणावं असं काय राहतं, हा विचार माझ्या मनातनं जाईना.

खालापूरच्या कार्यक्रमाला मीही गेले. स्टेजच्या कडेला पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसले. त्रिशरण-पंचशील म्हणून झालं, प्रीतमनं वाकून तारा सुरात लावून घेतल्या आणि गाणी सुरू झाली. आता त्याच्या पाठीशी खोका नव्हता. डबीतनं निघालेली तार सरळ साऊंडवाल्याकडं गेलेली, आणि स्पीकर सगळे लोकांकडं तोंड करून. मागं उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचा आवाज येतच नाही. तो दादांच्या पाठीकडं बघत होता, हात वर होतो का म्हणून. पहिलं गाणं झालं, हात वर झाला नाही. दुसरं झालं. लोक नाचत होते. आणि दादा माईकवर म्हणाले, आज आपल्या प्रीतमचा बेस बसला, टाळ्या झाल्या पाहिजेत. टाळ्या झाल्या. बेस वाजवणाऱ्याला टाळ्या! मीही वाजवल्या, बाटल्या बाजूला ठेवून. प्रीतमचा चेहरा असा झाला होता की मला रडू आलं.

मग पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. प्रीतम डबीवर वाकला. हा बसलेला आवाज डबीत जपून ठेवायचा, म्हणजे पुन्हा शोधायला नको, हा त्याचा विचार. वाकला तो वाकलेलाच राहिला. मला वाटलं कंबर धरली. मग तो खाली उतरून माझ्याजवळ आला, बाटली घेतली, पण पाणी काही प्यायला नाही.

"पौर्णिमा," तो म्हणाला, "मी वाजलोच नाय."

मला काही कळेना. त्यानं हळू आवाजात सांगितलं. तारा सुरात लावताना डबीचं एक बटण दाबतात, तेव्हा बाहेरचा आवाज बंद होतो. तारा लागल्या की परत दाबायचं. तो परत दाबायला विसरला होता. दोन गाणी त्यानं बोटं दुखेपर्यंत वाजवली आणि त्यातला एक स्वर बाहेर पडला नाही. मी म्हटलं, मग दादा बसला म्हणाले तो कुठला बेस? त्यानं रोहिदासकडं बघितलं. रोहिदास ढोलकीच्या डाव्या तोंडाची दोरी ओढत बसला होता. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. दादा ज्याला बेस म्हणत होते, ते रोहिदासच्या ढोलकीचं जाड वाजणारं डावं तोंड होतं. कातडं सैल पडलं की दादा म्हणणार बेस घुमतोय, आणि आमचा माणूस डबीतले आकडे फिरवणार. वर्षभर! मला हसावं की ती डबी उचलून पाताळगंगेत फेकावी, समजेना.

मग मी बायकोसारखा विचार केला. म्हटलं, "मग बंदच ठेवा. दादा खूश, लोक खूश, तुमची जागा ऱ्हाते. नुसती बोटं हलवा."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला माझंच बोलणं नको झालं.

"मग मी तिथं काय करतोय?" तो म्हणाला.

सत्कार संपले. तो वर गेला, पायानं बटण दाबलं आणि उभा राहिला. तिसरं गाणं सुरू होऊन दोन ओळी झाल्या नाहीत तोच दादांनी मागं वळून हात खाली दाबला. ढोलकीचं कातडं पुन्हा सैल पडलं होतं की आता खरा बेस त्यात मिसळला, मला काय कळणार. कमी कर. प्रीतम वाकला नाही. दादांनी पुन्हा हात दाबला. हा बॅनरला टेकून, तारांकडं बघत वाजवत राहिला. मी कडेला बसून चरफडत होते. अरे बाबा, गेली ना जागा हातची. आणि एकीकडं कान टवकारून तो बेस कुठं आहे ते शोधत होते. ढोलकी कळली, कीबोर्ड कळला, आक्कांचा आवाज कळला. बेस काही मला सापडला नाही.

कार्यक्रमानंतर विहाराच्या मागं जेवणाची पंगत होती. दादा ताट घेऊन प्रीतमसमोर येऊन बसले. रागावलेले नव्हते, समजावणीच्या सुरात होते, आणि तेच जास्त वाईट. पहिली दोन गाणी एक नंबर झाली, म्हणाले, मग काय बिघडलं कोणास ठाऊक, तर प्रीतम, मनाला लावून घेऊ नको, पण पळसदरीच्या कार्यक्रमाला आपण कीबोर्डवरच. तेवढ्यात चंद्रभागा आक्का गुडघ्यावर हात ठेवत प्रीतमशेजारी बसल्या. सत्तरीच्या आहेत. दादांचं चाललेलं त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकूनही मनावर घेतलं नाही.

"पयल्या दोन गान्यांना कुठं गेला व्हतास रं तू?" त्यांनी विचारलं.

प्रीतमचा घास हातातच राहिला.

"मी एकटी पडले ना," आक्का म्हणाल्या. "सूर ठेवायला जागाच नाय. मला वाटलं, आपला गळा गेला आता."

प्रीतमनं तो घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "हितंच व्हतो आक्का. बंद व्हतो."

"परत नको असं करू," आक्का म्हणाल्या. मग त्या दादांकडं वळल्या. "कोंडीराम, हा नसंल तिथं मी उभी ऱ्हायची नाय."

दादा एकदा आक्कांकडं आणि एकदा प्रीतमकडं बघत राहिले. त्यांना काही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही अर्धंच कळलं. बोअरच्या मोटारीखाली बोटं चिरडली तेव्हा न रडलेला माझा माणूस भरल्या पंगतीत रडत होता. मी त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं, कारण ते कलंडत होतं आणि भात सांडत होता.