दोन हातांनी

आमच्या चाकणच्या छोट्या कारखान्यात आज जपानी पाहुणे येऊन गेले, आणि मी अजून त्यातच आहे. मोठी ऑर्डर मिळणार की नाही ते पुढे कळेल. माझ्या डोळ्यांसमोरून एक कार्ड हलत नाही.

त्यांचे प्रमुख तानाकासान, म्हणजे आपल्या भाषेत तानाकासाहेब, साठीचे गृहस्थ. त्यांनी कमरेतून वाकून, दोन्ही हातांत धरून आपलं व्हिजिटिंग कार्ड माझ्यापुढे केलं. कितपत वाकायचं ते मी आठवडाभर आरशासमोर घोकलं होतं. वाकलो छान, पण कार्ड सवयीनं मागच्या खिशात सारलं आणि खुशाल खुर्चीत बसलो. त्यांची नजर क्षणभर त्या खिशाच्या दिशेनं थबकली.

मग आम्ही लेथ मशीनवरच्या शिंदेमामांकडे गेलो. तानाकासाननी त्यांनाही तसंच वाकून कार्ड दिलं. मामांनी हात पुसले, उजव्या तळव्याखाली डावा धरला, देवळात तीर्थ घेतात तसं ते घेतलं, कपाळाला लावलं आणि छातीवरच्या खिशात ठेवलं. तानाकासान पुन्हा वाकले, या वेळी कितीतरी खाली.

"मामा, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मी नंतर विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? माणूस दोन हातांनी देतोय, एका हातानं कसं घेणार?"

कुठलं जपान, कुठलं आमच्या देवळातलं तीर्थ! आणि मधे मी, दोन्हीकडचं विसरलेला.

केबिनमध्ये येऊन खिशातलं कार्ड काढलं. बसून बसून ते वाकलं होतं. दोन्ही हातांत धरलं, आणि तेव्हा कुठे त्यांचं पूर्ण नाव वाचलं.