एक पुताईवाला, एक रेजा

भिलाईच्या कारखान्याच्या कॉलनीतलं सेक्टर सहा सोडलं तेव्हा मी काही सातासमुद्रापार चाललो नव्हतो. सायकलरिक्षात एक पत्र्याची ट्रंक, एक होल्डॉल आणि त्या ट्रंकेवर हात ठेवून बसलेली वेरा, माझी बायको. मे महिन्यातली दुपार. रिक्षावाल्यानं विचारलं, "स्टेशन?" मी रेल्वेलाइनीपलीकडच्या मजूरवस्तीचं नाव सांगितलं, "खुर्सीपार." त्यानं वेराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मेमसाहब भी?"

बाबा फाटकाशी उभे होते. सहा वर्षांनी परदेशातून परतलेला मुलगा त्याच दिवशी घर सोडून चालला होता. त्याला बापानं काय सांगावं?

"गेट लावून घेजो. गाई शिरतात."

मी गेट लावलं. बाहेरून.

वेरा सोव्हिएत युनियनमधल्या नीपर नदीच्या काठावरच्या एका पोलादाच्या गावातली. तिचे वडील भट्टीवर कामाला होते. मी तिथे शिकायला गेलो, तिच्याशी लग्न केलं आणि तिला घेऊन भिलाईला आलो. वाटेत तिला सांगत होतो, आमच्या घरी तुझं असं स्वागत होईल की बघत राहशील. आणि का होऊ नये? आमच्या पुढच्या खोलीत बाबांचा एका रशियन एक्सपर्टबरोबर काढलेला फोटो हारासकट टांगलेला. शोकेसमध्ये त्यानंच दिलेली, एकीच्या पोटात दुसरी बसणारी लाकडी बाहुली. बाबा रशियनांच्या मदतीनं उभारलेल्या पोलाद कारखान्यात क्लार्क. त्यांना रशियन शब्द येत होते तीन, आणि पाहुणा आला की ते तिन्ही वापरायचे. 'रशियन लोकांनी आपल्याला पोलाद दिलं' हे वाक्य मी त्या घरात कुकरच्या शिट्टीइतक्या वेळा ऐकलं.

पोलाद देणारे रशियन चालतात. सून झालेली चालत नाही. ती बाहुली तेवढी काचेआड चालते.

त्या दिवशी आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत वऱ्हांड्यात बसलो. आईनं चहा तिथेच आणून दिला. बाबा म्हणाले, "सुमनचं लगन होऊ दे, मंग पाहू." सुमन माझी धाकटी बहीण, तिला स्थळं येत होती. पण दाराच्या पडद्याखालून मला एक पितळी काठ दिसला. तांदळाचं माप. आईनं ते सुनेसाठी काठोकाठ भरून उंबरठ्याच्या आत ठेवलेलं होतं. बाबांनी ते लवंडू दिलं नाही. त्या मापाला वळसा घालून आई चहाचे कप आत नेत होती. मी हे पाहिलं, आणि तरीही कुणाला शिवी दिली नाही. याची लाज मला अजून वाटते.

वेरानं दोन सरहद्दी ओलांडल्या. मी एक रेल्वेलाइन. खरं सांगतो, तिचं अंतर सोपं होतं.

खुर्सीपारमध्ये आम्हाला एक खोली मिळाली. वर सिमेंटचे पत्रे, पुढे गटार, नळ गल्लीच्या तोंडाशी. मी एका खाजगी शाळेत गणित शिकवायचो आणि उरलेल्या वेळात ठेका-मजुरांसाठी पत्रकं लिहायचो. शेजारी सुखबती राहायची. कारखान्यात ठेकेदाराकडे रेजा होती, म्हणजे डोक्यावर घमेलं वाहणारी बाई. भिलाईत बांधलेल्या प्रत्येक भिंतीला कुणा ना कुणा रेजाची मान लागलेली आहे, हे माझ्या पत्रकातलं वाक्य. मला फार आवडायचं ते. लक्षात ठेवा, पुढे ते माझ्यावरच उलटणार आहे.

वेराची मराठी माझ्याकडून, म्हणजे आमच्या वर्ध्याकडच्या वळणाची, हिंदी गल्लीतून आणि छत्तीसगढी सुखबतीकडून. तिन्हींची ती भाजी करायची. सकाळी सुखबती दार वाजवायची, "ए रूसी, पानी आ गे!" आणि वेरा दोन बादल्या घेऊन पळायची. नळावर भांडायला ती महिनाभरात शिकली. उन्हाळ्यात गरम वाऱ्याची लू सुरू झाली की चादर ओली करून अंगावर घ्यायची आणि तिच्या भाषेत सूर्याला नावं ठेवायची. बाजारात शेपू दिसला की जुड्याच्या जुड्या आणायची, वरणात, बटाट्यात, दह्यात, सगळीकडे शेपू. वाळत घातलेल्या कपड्यांवर कारखान्याची तांबडी धूळ बसली की म्हणायची, "बिलकुल माह्या गावासारखं." वर्षातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी, दुर्गला जाऊन तिच्या कागदांवर शिक्का मारून घ्यावा लागे. फॉर्मवर 'भारतातील पत्ता' या रकान्यात ती अगदी वळणदार अक्षरात खुर्सीपार लिहायची. स्वतःच्या आईला पत्रं लिहायची. त्यांत सासूबद्दल काय लिहितेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "लिहिलं की चांगली आहे. चाय देते."

दुसऱ्या वर्षी सुमनचं लग्न झालं. निरोप आला, एकटा ये. मी गेलो नाही. लग्नानंतर 'पाहू' म्हणणाऱ्यांनी काय पाहिलं? काहीही नाही. सेक्टर सहाच्या लोकहो, मी तुम्हाला विचारतो. गणपतीत स्टेजवर 'विश्वबंधुत्व' या विषयावर वक्तृत्वस्पर्धा तुम्हीच ठेवत होता ना? मला त्यात पहिलं बक्षीसही दिलंत. मग सायकलनं वीस मिनिटांवर असलेल्या एका पोरीकडे तीन वर्षांत तुमच्यातलं एक माणूस का आलं नाही?

तिसऱ्या वर्षी बाबा रिटायर झाले. रिटायर झालं की कंपनीचं क्वार्टर सोडायचं. ज्या घराची अब्रू म्हणून वेराला वऱ्हांड्यात ठेवलं, ते घर कधी आमचं नव्हतंच. नळ, पंखे, खिडक्यांच्या काचा, सगळं तपासून घेणारा माणूस यायचा होता. त्याआधी भिंती रंगवून द्यायच्या. आणि लग्नसराईत चुना फासणारे पुताईवाले कुठून मिळणार?

बाबा माझ्या शाळेच्या फाटकाशी आले. सायकलवरून उतरलेही नाहीत, एक पाय जमिनीवर टेकून उभे.

"तुह्या ओळखीत मजूर असतीनच," ते म्हणाले. "एक पुताईवाला अन् एक रेजा पाठव. शुक्रवारी."

"तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाय. चुना आणून ठेवला मी. कुंचे त्यायचे त्यायनं आणावे."

वेराबद्दल एक अक्षर नाही. मी घरी येऊन भांडी आदळली. वेरा शांतपणे म्हणाली, "पुताईवाला तू. रेजा मी."

"डोकं फिरलं का तुझं?"

"माह्या आजीच्या गावात दर वसंतात घर चुन्यानं रंगवतात. बायका रंगवतात. मले येते."

"तू त्या घरात रेजा म्हणून जाणार? माझी बायको?"

सुखबती दारात तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "बीस बरस से रेजा हूँ, भैया. मर गई क्या?"

पत्रकांत रेजाची मान आणि रेजाचा मान लिहिणारा मी, स्वतःच्या बायकोला रेजा म्हटल्याबरोबर सेक्टर सहाचा झालो होतो. ती जागा अजून दुखते, म्हणूनच इथे लिहून ठेवतो.

शुक्रवारी आम्ही गेलो. मजूर मागच्या दारानं जातात, आम्हीही मागच्याच दारानं गेलो. वेरानं जुनी साडी खोचलेली, डोक्याला गमछा घट्ट बांधलेला. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली आई उभी होती. आमच्याकडे पाहून तिनं पदर तोंडाशी नेला. बाबा पुढच्या खोलीत पुस्तकं बांधत होते. मागे वळून बघितलं, पुन्हा सुतळीची गाठ मारायला लागले. "आधी मागची खोली घ्या," एवढंच म्हणाले. कोणाला म्हणाले ते त्यांनाच माहीत.

चुना वेरानं जुन्या धोतरातून गाळला. मूठभर मीठ टाकलं. मग आईकडे पाहून विचारलं, "नीळ आहे?"

आईनं नीळ आणून दिली. "तुमच्याकडेही नीळ टाकतेत?"

"टाकतेत. नाही तं पिवळं दिसते."

तीन वर्षांतलं सासूसुनेचं हे पहिलं बोलणं. मी स्टुलावर चढून छत रंगवत होतो, चुना डोळ्यात गेला असं सांगून खाली उतरलो.

दुपारी चहा आला. मला स्टीलच्या पेल्यात. वेराला मागच्या भिंतीवर उपड्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात, ज्यात त्या घरी मजुरांना चहा मिळायचा. आईनं मुद्दाम केलं नाही, मला माहीत आहे. हात वर्षानुवर्षं तसाच जात आला, तसाच गेला. पण मी ओरडलो, "आई! तो कप?"

"कावून चिल्लावतं तू?" वेरा मलाच म्हणाली. "गरम आहे चाय."

ती प्यायली. मग सुखबती करते तसाच कप विसळला आणि भिंतीवर उपडा ठेवून दिला. आई त्या कपाकडे बघत राहिली, कितीतरी वेळ.

दोन दिवसांत घर पांढरंशुभ्र झालं. शेजारपाजारचे डोकावून गेले. एक काकू कुंपणावरून मला म्हणाल्या, "रेजा लय गोरी भेटली रे तुले!" आणि हसल्या. मी काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

सोमवारी तपासणीचा माणूस आला. सामान ट्रकनं गावी वर्ध्याला गेलं होतं, आई-बाबांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि रात्रीपुरते ते शेजारी थांबणार होते. रिकाम्या खोल्यांत त्या माणसाच्या बुटांचा आवाज घुमत होता. नळ, पंखे, काचा. मग भिंतीवर बोट फिरवून तो म्हणाला, "बढ़िया पुताई है, बड़े बाबू. किससे करवाई?"

मी आणि वेरा आमचे कुंचे परत न्यायला आलो होतो, अंगणात ते धूत होतो. सगळं ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, "थी एक रेजा. खुर्सीपार की."

मी कुंचा फेकला. मी आत जाणार, तेवढ्यात आईचा आवाज आला. जन्मभर नवऱ्यासमोर परक्या माणसाशी न बोललेली बाई, मोडक्या हिंदीत.

"रेजा नहीं है. बहू है हमारी."

तपासणीवाल्याला काय, त्यानं बाबांची सही घेतली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. आई पुढच्या दाराशी आली आणि म्हणाली, "भैया, एक मिनट खोलो. बहू सामने से नहीं आई अब तक."

"माताजी, अब तो कंपनी का हो गया," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. पण उघडलं नाही.

हेच मला सहन होत नाही. तीन वर्षं ते दार आमच्या हातात होतं. कुलूप दुसऱ्याचं लागल्यावर उघडायची आठवण झाली.

आई वळली. हातात एक पिशवी होती, ती काही तिनं ट्रकमध्ये दिली नव्हती. "आमी आज शेजारी नाई थांबत," ती बाबांना म्हणाली. "मी खुर्सीपारले जाते. तुमाले याचं असन तं या."

दोन रिक्षा केल्या. बाबा दुसऱ्या रिक्षात बसले.

आमच्या खोलीपाशी आईनं पिशवीतून ते पितळी माप काढलं. सुखबतीकडून तांदूळ घेऊन काठोकाठ भरलं. वेराला समजावलं, "नवं माणूस घरात येते ना, त्यानं हे उजव्या पायानं लवंडवाचं अन् आत याचं."

मी भडकलो. "कुणाचा गृहप्रवेश? तीन वर्षं ही इथे राहते! हे तिचं घर आहे, आई!"

वेरानं मला हातानं बाजूला केलं. तिनं माप उचललं, आत गेली, आमच्याच उंबरठ्यावर ते नीट ठेवलं आणि आतल्या बाजूला उभी राहिली.

"नवी मी नाही," ती म्हणाली. "या बाबा. उजवा पाय."

गल्ली जमली होती. नळावरच्या बाया बादल्या सोडून आल्या. आई तोंडाला पदर लावून उभी होती, हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं. बाबांनी चपला काढल्या. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. मग त्यांनी उजवा पाय पुढे केला, मापाला लावला. पहिल्यांदा ते हललंच नाही. दुसऱ्यांदा लवंडलं, आणि तांदूळ आमच्या सिमेंटवर पसरला.

मी बाबांना माफ केलेलं नाही. तसं त्यांना पत्रातही लिहिलंय. ते वर्ध्याला राहतात, वेराच्या नावानं पत्र पाठवतात, आणि शेवटी त्या तीनपैकी एक रशियन शब्द लिहितात, चुकीचा. सेक्टर सहाच्या त्या क्वार्टरात आता दुसरं कुटुंब आहे. भिंतींवर डिस्टेंपर लागलाय. खाली वेराचा चुना आहे, नीळ घातलेला, हे त्यांना कुणी सांगणार नाही.

घर कुठलं, असं मला कुणी विचारलं की मी त्या दुपारचं पुढचं सांगतो. सांडलेला तांदूळ पाहून सुखबतीच्या कोंबड्या धावत आल्या. वेरा त्यांना हाकलत होती, आई खाली बसून तांदूळ गोळा करत होती. बाबा आत येऊन मधोमध उभे, कुठे बसावं हे न कळलेले. मग वळले, आणि त्यांनी आमचं दार लावून घेतलं.

"कोंबड्या शिरतात," ते म्हणाले.

आतून लावलं.