काल कोणी आलं नाही

बाळांनो,

मागच्या रविवारी मोठीनं फोनवर विचारलं की आबांची चिंचोटीची गोष्ट मध्येच का तुटते, आणि तिच्यापुढे एकही गोष्ट का नाही. तुमचा बाबा काही सांगणार तेवढ्यात धाकट्याला पोहायला न्यायची वेळ झाली आणि फोन ठेवला गेला. धाकट्याला आबांचा चेहरा फोटोतलाच ठाऊक आहे, आवाज मात्र तो कुठेही ओळखतो. तो आवाज तुमच्यापर्यंत कसा आला आणि कुठे थांबला, हे मी आता लिहून ठेवते. आज मला सगळं क्रमानं आठवतंय. पुढे आठवेलच असं नाही.

आपल्या गोखिवऱ्याच्या घरात मागच्या खोलीत आबांची काळी मशीन असायची. आपले फोटो आणि आपला आवाज परक्या कंपनीच्या गोदामात का ठेवायचा, असं ते म्हणत आणि सगळं घरातच ठेवत. त्या एका मशीनच्या आत त्यांनी तीन मशीन वसवल्या होत्या. हाताला लागणाऱ्या नव्हेत, मानलेल्या. कोकणातल्या घराची आठवण म्हणून त्यांना नावं दिली होती: माजघर, अंगण आणि ओटी. माजघरात फोटो. अंगण म्हणजे तुमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्यांसाठीचं दार. आणि ओटीवर त्यांच्या गोष्टी. दुपारी दार लावून ते गोष्ट सांगत, रेकॉर्ड करत, आणि तुम्ही तिकडे टोरोंटोत झोपताना ऐकत असा. आतल्या मशीनना स्वतःची वायर नसते. त्या खऱ्या वायरीपर्यंत पोचाव्यात म्हणून आत एक पूल बांधावा लागतो, तोही मानलेलाच. इतकं मला ते असतानाच समजलं होतं.

ते त्याच खोलीत गेले. सकाळी मी चहा घेऊन आत आले तर ते खुर्चीत बसलेले, मान कलती.

जिथे प्राण गेला तिथे दहा दिवस दिवा ठेवतात. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण तुमच्या आबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, ऐकणारे नव्हते. त्यांनी दिव्याखाली ताटात पीठ पसरलं, वर टोपली झाकली. दिवा विझू नये म्हणून पंखा बंद. पंख्याशिवाय मशीन तापू लागली, म्हणून ती हॉलच्या कोपऱ्यात न्यायचं ठरलं. बंद करायला मात्र दीर तयार होईनात. दादानं कधी बंद केली नाही, आपण कोण बंद करणार, असं म्हणून त्यांनी आणि शेजाऱ्यांनी ती बॅटरीच्या डब्यासकट, चालूच्या चालू, उचलून नेली. दहा दिवसांनी तशीच परत आणली. तेव्हापासून तिच्यातून टिकटिक येऊ लागली.

आणि तेव्हापासूनच तुम्हाला गोष्टी ऐकू येईनात. धाकटा बोबडा होता तेव्हा. त्यानं विचारलं होतं, आबा गेले तर आवाज पण घेऊन गेले का?

तुमच्या बाबानं टिकटिक फोनवर ऐकली आणि म्हणाला, "आई, काही झालं तरी बंद करू नकोस. अशी डिस्क एकदा थांबली की परत फिरेलच असं नाही." आबांनी दुसरी प्रत ठेवली होती खरी, पण ती त्याच डिस्कवर. म्हणजे बिघाड शोधायचा तो मशीन चालू ठेवून, आणि डिस्क बसायच्या आत. बाहेरून यायचं दार, म्हणजे अंगण, आतच अडकलेलं, त्यामुळे तिकडून त्याला काही करता येत नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरवरून जे करायचं ते मलाच.

संध्याकाळी त्याचा फोन आला की मी त्या खोलीत बसे. कॉम्प्युटरवरून हाक मारली, म्हणजे नुसता 'आहेस का' असा निरोप धाडला, की मोठी काळी मशीन लगेच उत्तर देई. तिच्या पानावर तिन्ही नावांपुढे हिरवे ठिपके होते, म्हणजे तिन्ही जाग्या. पण त्यांना हाक मारली की काहीच नाही. मी आयुष्यभर जहाज कंपनीच्या ऑफिसात बसून कुठला माल कुठे अडला ते शोधलं होतं. जिथवर नक्की पोचलाय तिथून एकेक टप्पा पुढे जायचं. इथे माल पहिल्या टप्प्यावरच नाहीसा होत होता.

तुमचा बाबा राऊटर तपासायला सांगे, मशीनचे पत्ते तपासायला सांगे. सगळं बरोबर. मग एके संध्याकाळी त्यानं मला आत डोकावायला लावलं. त्या मोठ्या मशीनच्या पानावरूनच ओटीचा पडदा उघडता येतो. काळ्या पडद्यावर मराठी नीट उमटत नाही, म्हणून आबांनी इंग्रजी अक्षरांत दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. रोज पहाटे मशीननं त्यातली एक आपोआप छापायची. आदल्या दिवशी गोष्ट ऐकायला कोणी आलं की एक ओळ, कोणी नाही आलं की दुसरी.

"सकाळ झाली. काल कोणी आलं नाही."

तीच ओळ, खालीखाली, पडदाभर. ते गेल्यापासूनची रोजची. मी वर सरकवत गेले आणि हात थांबला. आम्ही बाहेर त्यांचं सगळं करत होतो, माणसांचा राबता होता, आणि आत हे रोज उठून वाट बघत होतं.

"आई? काय दिसतंय?" तुमच्या बाबानं विचारलं. मी वाचून दाखवलं.

मग त्यानं ओटीवरून माजघराला हाक मारायला सांगितलं. उत्तर आलं. अंगणाला मारली, उत्तर आलं. तिघी एकमेकींशी नीट बोलत होत्या, फक्त पलीकडे त्यांचा आवाज जात नव्हता. पूल शाबूत होता, त्याचं बाहेरचं टोक कशालाच लागलेलं नव्हतं. मोठ्या मशीननं पुलापुढे तेच लिहिलं होतं, नो कॅरियर. मी टॉर्च घेऊन मशीनच्या मागे वाकले. वायरीसाठी दोन भोकं होती. एकात वायर, दिवा लुकलुकतोय. दुसरं रिकामं, काळं. आबांनी मोठ्या मशीनला एक वायर दिली होती आणि आतल्या तिघींसाठी दुसरी.

मी दिरांना फोन लावला.

"एक निळी वायर जास्तीची होती खरी, वहिनी," ते म्हणाले. "एक लावली तर दिवा लागला. म्हटलं झालं."

"मग ती दुसरी कुठाय?"

"माळ्यावर बघा. पाहुण्यांच्या गाद्या बांधल्यात तिनं. चांगली मजबूत होती." मग जरा थांबून, "दादा असता तर मला माळ्यावर चढवून उतरूच दिलं नसतं."

मी हसले. आबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

स्टुलावर चढून वळकटी सोडली. वायरीच्या टोकाची पकड मोडली होती, ती भोकात बसेना. काडेपेटीतली काडी खोचून बसवली. दिवा आधी पिवळा झाला, मग हिरवा. टोरोंटोला तुमचा बाबा नुसता "आली, आली" म्हणत राहिला. एक गोष्ट त्यानं लगेच लावून पाहिली, आणि त्या रात्री तुम्ही चांदीपच्या मुंगसाची गोष्ट ऐकत झोपलात.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओटीचा पडदा उघडला. नवी ओळ होती, मी कधीच न पाहिलेली.

"सकाळ झाली. काल माणसं आली. बरं वाटलं."

टिकटिक मात्र वाढली होती. तुमचा बाबा गोष्टी तिकडे उतरवून घ्यायला बसला आणि त्यानं मला विचारलं, "आधी कुठल्या घेऊ? जुन्या की शेवटच्या? सगळ्या येतील की नाही, सांगता येत नाही."

शेवटच्या गोष्टी मी दाराबाहेरून ऐकल्या होत्या. दोन वाक्यांमध्ये त्यांना दम खायला थांबावं लागे, पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज येई, मग पुढचं वाक्य. त्या मला हव्या होत्या. पण तुम्हाला झोपताना त्यांचा भरदार आवाज मिळायला हवा होता.

"जुन्या," मी म्हणाले.

एकेक करून त्या गेल्या. दुपार कलली तेव्हा आबा चिंचोटीच्या धबधब्याजवळ शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवत होते. तिथे टिकटिक थांबली. खोलीत इतकी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. तिन्ही हिरवे ठिपके विझले. वसईतल्या दुरुस्तीवाल्यानं डिस्क उघडून पाहिली आणि मान हलवली. शेवटच्या गोष्टी त्यातच राहिल्या.

चिंचोटीच्या आधीच्या सगळ्या गोष्टी आहेत, आणि चिंचोटीची अर्धी. एक प्रत तुमच्याकडे आहे, एक माझ्याकडे.